डग्गा बसेना, दोष सीटचा: एका तबलावादकाच्या हाताचं प्रकरण

मी हाताच्या तक्रारींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट. सोलापुरात यंत्रमाग, शिवणकाम, विड्या वळणं यांतून हात दुखावलेली माणसं रोज येतात. वादक क्वचित येतात आणि आले तरी उशिरा, वाद्य ऐकेनासं झाल्यावर. या प्रकरणातले गृहस्थ तबला शिकवतात. वय ४७, राहणं पूर्व भागात. सकाळी घरी शिकवणी, संध्याकाळी जुळे सोलापूर आणि विजापूर रोडकडच्या घरांत जाऊन शिकवणी, गुरुवारी भजनी मंडळाची साथ. विद्यार्थी त्यांना सर म्हणतात, इथं मीही तेच म्हणते. लिहायला त्यांची संमती आहे.

सर आले ते डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होते म्हणून. पण त्यांच्या लेखी मूळ तक्रार बोटांची नव्हतीच. "मॅडम, मुंग्या येतात त्याचं काय नाही, डग्गाच बसंना गेलाय." डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतलं डाव्या हाताचं वाद्य. त्यावर 'घे' हा बोल वाजवून मनगटाकडचा तळवा पुढं सरकवला की आवाज वर चढतो, मागं घेतला की उतरतो. तो चढ-उतार मध्येच तुटायचा. द्रुत लयीत खपून जायचं, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, उघडं पडायचं.

पहिला संशय अर्थातच वाद्यावर गेला. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, कोरड्या हवेत चामडं ताणतं, आवाज चढतो. तेव्हा संशय वावगा नव्हता. पुडी, म्हणजे वाद्याचं चामड्याचं तोंड, बदलून झाली, तरी तेच. मग कुणीतरी मानेचा एक्स-रे काढायला लावला, त्यात झीज दिसली, गळ्यात पट्टा आला. पंचेचाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या मानेच्या एक्स-रेत काही ना काही झीज दिसते. ती एकदा कागदावर आली की पुढचा शोध बंद होतो, हा माझा नेहमीचा अनुभव. महिनाभर पट्टा लावूनही सरांच्या बोटांत फरक नव्हता.

मी नेहमी विचारते तो प्रश्न विचारला: मुंग्या कधी येत नाहीत? उत्तर लगेच आलं. सकाळी उठल्यावर नसतात, सकाळच्या शिकवणीत फारशा नसतात. संध्याकाळी घरी पोचल्यावर असतात. रिक्षानं गेले त्या दिवशी नसतात.

"मग बाकीच्या दिवशी कशानं जाता?"

"सायकलनं की."

सायकल फेब्रुवारीत घेतलेली. तपासणीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.२ आलं होतं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, मुलानं सरळ हँडलची हायब्रिड सायकल पसंत केली, स्कूटर घरी राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी सर काळी उंच सायकल चालवत, तेव्हा हाताला काही झालेलं नव्हतं. त्यामुळं 'सायकलची सवय आहे' अशी त्यांची खात्री होती. त्या काळ्या सायकलीचं हँडल मागं वळून मांड्यांशी येतं, माणूस ताठ बसतो, भार सगळा सीटवर पडतो. नव्या सायकलीवर माणूस पुढं वाकतो आणि धडाचा काही भार हातांवर येतो. एकाला झालेली सवय दुसरीला लागू पडत नाही.

आता हात. दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवायला सांगितले, तेव्हा डाव्या तळव्याच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मनगटाच्या अलीकडं, एक काळपट डाग दिसला. उन्हानं चिकट झालेल्या ग्रिपच्या रबराचा. उजव्या हाताला तसाच, पण फिका. मग त्यांना माझ्याकडच्या जुन्या डग्ग्यावर बसवलं. तबलजी हाताला पावडर लावतात तशी लावली आणि पाच मिनिटं विलंबित वाजवायला सांगितलं. थांबल्यावर पुडीवर सरकलेल्या तळव्याचा पांढरा फराटा होता, आणि तळव्यावरची पावडर नेमकी त्या काळ्या डागावरून पुसली गेली होती. सायकलचा भार आणि डग्ग्याचा भार एकाच जागी पडत होता. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीची खातरजमा करण्यासाठी होती.

त्या जागी बोटानं चाचपलं तर वाटाण्याएवढं एक हाड लागतं, पिसिफॉर्म. त्याच्या आणि हॅमेट नावाच्या हाडाच्या आकड्यामधून एक आखूड बोळ जातो, त्यातून अल्नार नर्व्ह ही नस तळव्यात शिरते. याला गुयॉन कॅनाल म्हणतात. फेलिक्स गुयॉन या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १८६१ साली त्याचं वर्णन केलं. गंमत अशी की हा माणूस पुढं नावाजला तो मूत्ररोगांसाठी. मनगटाच्या मधोमध असलेल्या कार्पल टनेलवर जाड पट्ट्याचं छत असतं. गुयॉन कॅनालवर तसं भक्कम छत नाही, वर पातळ पडदा, थोडा स्नायू, चरबी आणि कातडी. म्हणून तळव्याच्या कडेवर दाबून ठेवलेला भार थेट नसेपर्यंत पोचतो. सायकलस्वारांना हा त्रास इतका होतो की डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला 'हँडलबार पाल्सी' असं नावच आहे.

ही नस कोपराच्या आतल्या बाजूनंही जाते, कोपर आपटलं की झिणझिण्या येतात तीच. मग दोष कोपराशी, मानेशी की मनगटाशी, हे कसं ठरवायचं? तीन साध्या गोष्टी. हाताच्या पाठीवर करंगळीकडच्या बाजूला स्पर्श पूर्ण शाबूत होता. तिथली शाखा मनगटाच्या चार-पाच बोटं आधीच फुटून निघते, त्यामुळं दाब मनगटाशी असेल तर ती वाचते, कोपराशी असेल तर सहसा तीही बधिर होते. करंगळीचं शेवटचं पेर वाकवण्याची ताकद चांगली होती. तो स्नायू कोपराखालीच नस घेतो, म्हणजे कोपर सुटलं. मान वळवून, दाबून पाहिली तरी बोटांत काही उतरत नव्हतं. उलट पिसिफॉर्मच्या शेजारी टिचकी मारली की करंगळीत करंट जायचा.

ताकदीसाठी सरांच्याच पिशवीतली एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका घेतली. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांत तिची दोन टोकं धरायला सांगितली, मी मधून ओढलं. उजवा अंगठा सरळ राहिला. डावा पेरातून वाकला. अंगठा तर्जनीशी सपाट दाबणारा स्नायू अल्नारवर चालतो. तो कमी पडला की माणूस नकळत दुसरा स्नायू वापरतो आणि अंगठा वाकतो. हे फ्रोमेंटचं लक्षण. म्हणजे बधिरपणाच्या पुढची पायरी सुरू झाली होती, पण बोटांमधल्या खाचा बसलेल्या नव्हत्या, अंगठा-तर्जनीमधलं मांस भरलेलं होतं, म्हणजे स्नायू अजून झडले नव्हते. न्यूरॉलॉजिस्टकडं पाठवलं. नर्व्ह कंडक्शन तपासणीत वेग मनगटाशी मंदावलेला आला, कोपराशी ठीक. सोनोग्राफीत तिथं गाठ नव्हती. हे पाहणं आवश्यक असतं, कारण त्या बोळात गँग्लियनची गाठ झाली असेल तर सायकल कितीही दुरुस्त करा, उपयोग नाही. बी-१२ जीवनसत्त्वही व्यवस्थित होतं.

उजवा हात हलक्यात सुटला होता. तिथं अनामिका संध्याकाळपुरती जड व्हायची. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी किनारीवर पडते. टेकलेलं बोट जड झालं की दाब वाढतो आणि 'ना' बंद वाजतो. सरांना हे जाणवलं होतं, पण त्यांनी ते थकव्याच्या खात्यात टाकलं होतं. तबल्यात असं लपून राहतं. सोलापूरची सुंद्री घ्या, शहनाईची ती धाकटी बहीण. तिच्यावर बोट बधिर झालं तर छिद्र पुरतं झाकलं जात नाही आणि सूर पहिल्याच दिवशी फुटतो.

सायकल बंद करा, हा सल्ला सगळ्यात सोपा होता. मी तो दिला नाही. साखर वाढलेल्या शरीरात नसा दाब कमी सोसतात, म्हणजे ज्या सायकलनं हात बिघडवला तीच साखर उतरवून हाताचं भलंही करत होती. शिवाय सरांना ती आवडू लागली होती. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती घेऊन रिक्षा, आणि तेवढ्या वेळात सायकल घेऊन या, असं ठरलं.

सायकल आली. गेटाशी भिंतीला टेकवून सरांना तीवर बसवलं आणि बाजूनं फोटो काढले. सीटचं नाक चांगलं दोन बोटं खाली गेलेलं. सुरुवातीला सीट टोचत होती म्हणून मुलानं पाना घेऊन पुढचा भाग उतरवला होता. असं घरोघरी करतात. त्यानं टोचणं कमी होतं खरं, पण माणूस उतारावर बसल्यासारखा पुढं घसरत राहतो, आणि ती घसरण कोपरं ताठ करून, तळव्यांनी हँडल ढकलून थोपवावी लागते. सर दिवसाला तासाभराहून जास्त वेळ हेच करत होते. बोटांत दिसलेल्या आजाराचं मूळ बसायच्या जागेत होतं. हातमोजे, जेल, मलम, मालिश यांतलं काहीही त्या घसरणीला थांबवू शकलं नसतं.

सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं दुकान माझ्या क्लिनिकपासून जवळ. सर आणि मी सायकल घेऊन गेलो. मिस्त्रींनी बघताच विचारलं, "ह्याचं नाक कुणी पाडलं?" गवंड्याची लेव्हल सीटवर ठेवून ती आडवी सपाट केली. सपाट केल्यावर टोचणं परत येणार हे उघड होतं, म्हणून उंची पाहिली. पॅडल खाली असताना सरांची टाच जेमतेम पोचत होती, कंबर दोन्हीकडं झुलत होती. टोचण्याचं खरं कारण हे. सीट दीड-दोन सेंटिमीटर उतरवली, वर जरा रुंद सीट बसवली. सर म्हणाले, हँडल लांब वाटतंय, सीट पुढं ओढू या. हा मोह नको. सीट पुढं गेली की बुड पुढं येतं आणि हातांवरचा भार वाढतो. लांब वाटत असेल तर हँडल जवळ आणायचं. स्टेम, म्हणजे हँडल पुढच्या दांड्याला जोडणारा तुकडा, आखूड घातला, तो वरच्या बाजूला कोन येईल असा उलटा बसवला आणि स्टेमच्या वरच्या चकत्या काढून खाली सरकवल्या. हँडल सीटच्या पातळीच्या थोडं वर आलं.

ब्रेकच्या लिव्हर जवळजवळ आडव्या होत्या. त्यांवर बोटं ठेवायची तर मनगट मागं मोडावं लागे, आणि मागं मोडलेल्या मनगटात गुयॉन कॅनालवर दाब आणखी वाढतो. लिव्हर खाली फिरवून कोपरापुढचा हात, मनगट आणि बोटं एका रेषेत येतील अशा केल्या. दहा मिनिटांचं काम आणि फुकट. नवी सायकल घेतली की दुकानातून बाहेर पडायच्या आधी हे करून घ्यावं.

टायरमध्ये हवा टणक. आपल्याकडं हवा भरणारा बोटानं दाबून 'कडक झाली' म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण टायरच्या कडेवर दाबाची मर्यादा छापलेली असते. तिच्या खालच्या अंगाला राहिलं तर खड्ड्यांची थरथर टायर गिळतो, नाहीतर ती तळव्यात उतरते. खणून ठेवलेल्या रस्त्यांच्या शहरात हा फरक लहान नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये लेहऱ्याचं (तालाबरोबर धून वाजवणारं) मशीन, हातोडी, वह्या, पाण्याची बाटली असायची. पुढं वाकलेल्या माणसाच्या पाठीवरचं ओझं हातांवरच येतं. कॅरियर बसवून सॅक तिकडं बांधली.

ग्रिप शेवटी बदलल्या. बाहेरच्या बाजूला पंखासारख्या रुंद होणाऱ्या, तळव्याला पसरट आधार देणाऱ्या. त्या नीट फिरवून बसवाव्या लागतात, पंख वर उचलला गेला तर तोच पिसिफॉर्मवर टोचतो. हातमोज्यांबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून सांगते: घालावेत, पण जाडजूड गादी नेमकी नसेच्या वर असलेले घेऊ नयेत. ती गादी नळीवर पडलेल्या पायाचं काम करते. दोन उंचवट्यांच्या मधे खाच सोडलेले मिळाले तर बरे.

आता डग्गा. इथं सर अडून बसले, आणि त्यांचं बरोबर होतं. मनगट न टेकता डग्गा वाजवा, हे सांगणं म्हणजे डग्गा वाजवू नका सांगण्यासारखं. मी त्यांच्याबरोबर बसून तळव्याचा नेमका कुठला भाग दाबला जातो ते पाहिलं. डग्गा सपाट ठेवायची त्यांची सवय होती, त्यामुळं मनगट मागं मोडून करंगळीकडं कलायचं आणि भार कडेवर जायचा. चुंबळ मागच्या बाजूनं उंच करून डग्गा किंचित पुढं कलवला, बैठक एका उशीनं वाढवली. मनगट सरळ आलं आणि भार अंगठ्याकडच्या मांसल भागाकडं वाटला गेला. आवाजात फरक पडतोय, अशी कुरकुर त्यांनी दोन आठवडे केली. पडत होताच. नव्या जागेनं दाब देऊन तोच चढ-उतार काढायला त्यांना बराच रियाज करावा लागला. हे श्रेय त्यांचं, माझं यात काही नाही.

याशिवाय काही बंधनं घातली. सायकलवरून उतरल्या उतरल्या तबल्यावर बसायचं नाही, मधे किमान अर्धा तास. शिकवणीच्या घरी पोचल्यावर तो वेळ पढंत (बोल तोंडानं म्हणणं), वह्या तपासणं यात जाई. विद्यार्थ्यांना पढंत जास्त मिळाली हा फायदाच. सायकलवर दर चार-पाच मिनिटांनी हात उचलून बोटं उघडमीट, सिग्नलला दोन्ही हात खाली. सुरुवातीचे दीड महिने वाद्य मिळवायची हातोडी मोठ्या विद्यार्थ्याच्या हाती. रात्री मनगट सरळ ठेवणारी साधी पट्टी, कारण झोपेत मनगट मुडपून उशीखाली घ्यायची त्यांची सवय होती. नस सरकवण्याचे दोन हलके व्यायाम दिले आणि ताण देऊ नका असं बजावलं. दुखावलेली नस स्नायूसारखी ताणून मोकळी होत नाही, चिडते.

मुंग्या तिसऱ्या आठवड्यात विरळ झाल्या. उजवा हात त्याआधीच साफ झाला होता. ताकदीला मात्र वेळ लागला. दाबानं नसेचं वरचं आवरण बिघडलेलं असेल आणि आतले तंतू शाबूत असतील तर दुरुस्ती काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत होते. तंतूच तुटले तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगानं वाढतात आणि सगळं हिशेबाबाहेर जातं. सरांचं प्रकरण पहिल्या गटातलं निघालं. अडीच महिन्यांनी निमंत्रणपत्रिकेची परीक्षा पुन्हा घेतली, दोन्ही अंगठे सरळ राहिले. गणेशोत्सवात त्यांनी तास-दीड तासाच्या साथी केल्या, मधे एक दिवस सोडून.

पूर्ण बरे झाले, असं मी लिहिणार नाही. फार लांबलेल्या विलंबितात डावी करंगळी अजून लवकर दमते आणि थंडीच्या दिवसांत सकाळी थोडी जड वाटते. एचबीए१सी ५.९ वर आलं आहे, म्हणजे सायकल चालू ठेवण्याचा निर्णय तरी चुकला नाही. बोटांच्या मधे खाचा दिसल्या, अंगठा-तर्जनीमधलं मांस बसल्यासारखं वाटलं, किंवा मुंग्या रात्रीही राहू लागल्या तर माझी वाट न बघता थेट न्यूरॉलॉजिस्टकडं जायचं, हे त्यांना लिहून दिलं आहे. वाजवणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या कुणालाही तेच लागू.

सध्या वाद अक्कलकोटचा आहे. मंडळातली चार जणं गुरुवारी सायकलनं अक्कलकोटला जायचं म्हणतात, अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि संध्याकाळी तिथं भजनाला सरांनीच तबल्यावर बसायचं. सलग जाऊन लगेच वाजवणं मला मान्य नाही. ठरलंय ते असं: पहाटे निघायचं, कुंभारीला आणि वळसंगला उतरून हात मोकळे करायचे, दुपार झोपेत काढायची, डग्गा टेम्पोतून आधी जाणार आणि परतीला सरही त्याच टेम्पोतून.

"आणि सायकल?" मी विचारलं.

"ती पोरगा आणंल की," सर म्हणाले, "त्यानंच घ्यायला लावली नव्हं."